देवकाबाईच्या नंदीची कुरकुर

यशवंतराव गुरुजींची आयुष्यभर एकच तक्रार होती, पोरं ऐकत नाहीत. पांढुर्ण्यात त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांची पोरं आता कॉलेजात जातात, तरी तक्रार ताजीच होती. समास सोडा म्हटलं की पोरं अख्खं पान सोडत. रांगेत चला म्हटलं की रांग शाळेला वळसा घालून मागच्या फाटकातून घरी जाई. गुरुजी हार मानत नसत. पुन्हा सांगत, पुन्हा समजावत, आणि घरी आल्यावर बायकोला म्हणत, की एक दिवस असा येईल, मी सांगेन आणि पोरं शब्द न् शब्द तसंच करतील.

तो दिवस गेल्या पोळ्याला आला, आणि गुरुजींची झोप उडाली.

सुरुवात झाली ती सौंसरला. तिथे दोन खोल्यांत ‘ओंजळ’ नावाची एक लहानशी संस्था आहे. ती चालवणाऱ्या प्रतिभाताई गुरुजींच्याच विद्यार्थिनी. संस्थेकडे गाडी नाही, इमारत नाही. आहेत ते दोन-तीन मोबाइल आणि गावोगावचे व्हॉट्सअॅप गट. कामाची रीत साधी. एका घरच्या माळ्यावर चालायचा वॉकर धूळ खात असतो आणि चार गावं पलीकडे एखाद्या आजीला त्याची गरज असते. गटावर फोटो टाकायचा, दोन्ही घरांची गाठ घालून द्यायची, आणि गरज सरली की वस्तू जिथली तिथे परत. देणाऱ्याला वस्तू परत मिळते, म्हणून तो पुन्हा देतो. सगळा डोलारा त्यावर उभा. संस्थेचं फोनचं काम पाहणारा योगेश प्रत्येक वस्तूवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा कोड असलेला कागद चिकटवी. त्याच्यावर मोबाइल धरला की मालकाचं नाव-गाव समोर येई.

त्या पोळ्याच्या आदल्या वर्षी प्रतिभाताई तान्ह्या पोळ्याला रामाकोना गावाकडे गेल्या होत्या. पोळ्याचा पहिला दिवस खऱ्या बैलांचा. दुसरा पोरांचा, तोच तान्हा पोळा. चाकांवरच्या लाकडी नंदीला दोरी बांधून पोरं घरोघरी ओढत नेतात. घरची बाई नंदीला कुंकू लावते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते, म्हणजे खाऊ किंवा नाणं. त्या दिवशी एका वस्तीतली पाच-सहा पोरं दोरीला विटा बांधून ओढत होती. विटांना त्यांनी शेंदूरही लावला होता. प्रतिभाताईंनी त्यांचा फोटो काढला नाही, कारण पोरांची अडचण दाखवून लोकांची वाहवा मिळवायची नाही हा संस्थेचा नियम. पण त्या विटा त्यांच्या डोक्यातून गेल्या नाहीत.

इकडे पांढुर्ण्यात मात्र माळ्यामाळ्यावर नंदी पडून होते. ओढणारी पोरं पुण्या-नागपूरला नोकरीला लागलेली, आणि नंदी जुन्या गाद्यांखाली मान घालून बसलेले. प्रतिभाताईंनी गटावर विचारलं, की तान्ह्या पोळ्यापुरते नंदी कोणी देईल का. शेवटी नत्थूजींचं उत्तर आलं. नत्थूजींचं किराण्याचं दुकान आहे आणि मत सगळ्या विषयांवर आहे. त्यांनी लिहिलं, वॉकर देणं वेगळं. नंदी देव आहे, तो मोबाइलच्या भरवशावर कोण देईल?

मग प्रतिभाताईंनी गुरुजींना मधे घातलं.

गुरुजी शहाणे. ते आधी जाम नदीचा पूल ओलांडून सावरगावला देवकाबाईकडे गेले. देवकाबाईने दिलं की सगळे देतात, आणि तिने नाही म्हटलं की कोणी दार उघडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. देवकाबाईचा नंदी तिच्या सासऱ्याने स्वतः घडवला होता. तिचा मुलगा विनोद त्याच्याशीच खेळून मोठा झाला. आता विनोद रायपूरहून गणपतीला येणार होता, आणि त्याचा नुकता चालायला लागलेला मुलगा पहिल्यांदाच तो नंदी ओढणार होता.

देवकाबाईने सगळं ऐकून घेतलं. कोडाचा कागद उलटासुलटा करून पाहिला आणि परत गुरुजींच्या हातात दिला.

“हे कागदाचं मले सांगू नका गुर्जी. गनपती बसाच्या आत नंदी माह्या दारात पाह्यजे. हाच. याच्यासारखा दुसरा नाई पाह्यजे.”

“माझा शब्द आहे,” गुरुजी म्हणाले.

“मंग न्या.”

देवकाबाईचा नंदी निघाला ही बातमी पुलावरून पांढुर्ण्यात पोचली, आणि मग काय, घरोघर शिड्या लागल्या. नत्थूजींनीसुद्धा मुलगी अश्विनीचा नंदी काढून दिला. वर बजावलं, की गुरुजी, तुमच्या शब्दावर देऊन राहिलो. असं प्रत्येकाने बजावलं. गुरुजींचा शब्द एकच, पण त्याच्यावर आता तीस-चाळीस नंदी बसले होते. पोळ्याच्या बऱ्याच आधी, जाम नदीवरच्या दगडफेकीच्या जत्रेची, गोटमारीची गर्दी व्हायच्या आत, सगळे नंदी ‘छोटा हत्ती’ म्हणतात त्या टेम्पोत बसून निघाले. जामसांवलीला ड्रायव्हर हनुमानाच्या दर्शनाला थांबला, तेव्हा टेम्पोभोवती ही गर्दी जमली. एवढे नंदी नवस फेडायला आले की काय, असं एका म्हाताऱ्याने विचारलंसुद्धा.

नंदी रामाकोन्याकडच्या पोरांना पोचले. योगेश म्हणाला, “गुरुजी, नुसते नंदी देऊन काय उपयोग? पोळा कसा करतात तेही सांगा. मी व्हिडिओ काढतो.”

गुरुजींनी टोपी नीट केली आणि संस्थेच्या ओसरीवर उभे राहून धडा दिला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला आंघोळ. मग खांदशेकणी, म्हणजे वर्षभर जुवाखाली घासलेल्या खांद्यांना हळद-लोणी चोळायचं. दुसऱ्या दिवशी जेवायला ये म्हणून त्याला आवतण द्यायचं. मग रंगरंगोटी. बोलता बोलता गुरुजी रंगात आले. म्हणाले, “आपला लाकडाचा असला तरी बैल आहे. जुना रंग सगळा खरवडा. पोटाखालचाही. फुटकंतुटकं असेल ते बुजवा. मळका बैल पोळ्यात उभा करायचा नाही.”

योगेशने व्हिडिओ फेसबुकवर टाकला आणि तो गावोगाव फिरला. जुने विद्यार्थी कुठून कुठून लिहू लागले, की गुरुजी अजून तसेच दिसतात, अजून तसेच ओरडतात. गुरुजी वरवर म्हणत की हे सगळं पोरकट आहे. पण जेवता जेवता फोन उघडून व्हिडिओ आवडल्याचे किती अंगठे आले ते बघत, आणि भाजी गार होई. बायकोने शेवटी फोन शिंकाळ्यात ठेवला.

तान्हा पोळा थाटात झाला. गुरुजी त्या दिवशी रामाकोन्यालाच होते. गर्दीत, धुळीत, हलगीच्या आवाजात पोरं नंदी ओढत नाचत होती. योगेश व्हिडिओ काढत होता. एकही वीट कुठे दिसली नाही. गुरुजींनी रुमालाने डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळे नंदी सौंसरला संस्थेच्या ओसरीवर आले. गुरुजी पोचले तेव्हा योगेश पायरीवर बसून होता. गुरुजींनी ओसरीकडे पाहिलं. ओळीने नंदी उभे होते. सगळे पांढरेशुभ्र, सगळ्यांची शिंगं लाल, सगळ्यांच्या पाठीवर पिवळ्या झुली रंगवलेल्या. जत्रेतल्या जुळ्या भावांसारखे. गुरुजींनी एक नंदी उलटा केला. पोटही पांढरं. दुसरा केला, तोही. आंघोळीत कागद भिजले, खरवडण्यात निघाले, आणि उरलेसुरले रंगाखाली गेले.

निघण्याआधी योगेशने प्रत्येकाचा फोटो घेतला होता. पण फोटोत एकाचं शिंग मोडकं, दुसऱ्याचा कान कुरतडलेला, तिसऱ्याच्या पाठीवर चीर. आता सगळ्यांची शिंगं शाबूत आणि पाठी गुळगुळीत. पोरांनी मातीचा गिलावा भरून एकेक जखम बुजवली होती. नंदी बहुतेक एकाच बाजारातले, एकाच सुताराच्या हातचे. आकारानेही एकमेकांचे सख्खे. देवकाबाईच्या सासऱ्यानेही बाजारातलाच नमुना समोर ठेवून घडवला होता.

नंदी घेऊन आलेल्यांत दिपाली नावाची तिसरीतली एक मुलगी होती. ती पुढे आली आणि अभिमानाने म्हणाली, “गुर्जी, तुमी सांगतलं तसंच केलं. पोटाखालचाबी रंग खरवडला.”

गुरुजी तिला रागावणार कशाबद्दल? त्यांनी तिच्या पाठीवर थाप दिली, छान केलं म्हणाले, आणि पोरांना चहा-बिस्किट देऊन टेम्पोने परत पाठवलं. मग ते योगेशशेजारी पायरीवर बसले.

“योगेश, पोरं ऐकत नाहीत असं मी म्हणायचो ना?”

“हो जी.”

“ते बरं होतं.”

प्रतिभाताईंनी सरळ मार्ग धरला. झालेलं सगळं गटावर लिहिलं, माफी मागितली, ओळीचा फोटो टाकला आणि विनंती केली, की आपापला नंदी ओळखा. त्यानंतर गटावर जे झालं ते वाचून गुरुजींनी चष्मा काढून ठेवला. डावीकडून तिसरा नंदी जरा डौलदार रंगला होता. नत्थूजींनी लिहिलं की तिसरा माझा, त्याची ऐटच सांगते. लगेच दुसऱ्याने लिहिलं की ऐट आमच्या घराण्यातली आहे. तिसऱ्याने त्या नंदीभोवती लाल गोल काढून फोटो परत पाठवला. तासाभरात तिसऱ्या नंदीला सात मालक झाले. कडेचा एक नंदी कोणा लहान पोराने रंगवला होता, त्याचे डोळे कपाळावर गेले होते. त्याला मालकच नव्हता. एकाने हळूच असंही लिहिलं, की हेच होणार होतं. पुन्हा काही द्यायचं असेल तर विचार करावा लागेल.

प्रतिभाताईंनी तो निरोप गुरुजींना दाखवला नाही. गुरुजींनी तो वाचलेलाच होता. दोन दिवसांनी गणपती बसणार होते, आणि त्यांना नजरेसमोर दिसत होती ती फक्त देवकाबाई, दारात उभी.

सुटका झाली ती पुण्याहून. नत्थूजींची अश्विनी तिथे इस्पितळात नर्स आहे. संध्याकाळी चहा पिता पिता तिने तान्ह्या पोळ्याचा व्हिडिओ लावला, आणि मधेच थांबवून मागे नेला. पुन्हा लावला. मग गटावर तिचा बोललेला निरोप आला.

“बाबा, तिसरा आपला नाही. तो कपाळावर डोळे गेलेला आहे ना, तो आपला. ऐका, चुंई-चुंई-खट, चुंई-चुंई-खट करून राहिला. मी अंगणात ओढायची तेव्हा आई दुपारची झोपमोड झाली म्हणून ओरडायची.”

नत्थूजींनी लिहिलं, असं ध्यान आमच्या घरी असणं शक्य नाही. अश्विनीने लिहिलं, आधी ऐका. मग गुरुजींचा फोन वाजला. नत्थूजी हळू आवाजात म्हणाले, “आपलाच आहे जी. अन् ते ‘खट’ आहे ना, तिने पायरीवरून पाडला होता तेव्हापासूनचं.”

गुरुजी ताडकन उठले. रंग बदलला, शिंगं बदलली, पोट बदललं. चाकाला कोणी हात लावला नव्हता. व्हिडिओत सांगायचं राहिलंच होतं.

हरतालिकेच्या दिवशी सकाळी ओसरीवर शाळा भरली. गुरुजींनी प्रत्येक नंदीच्या पाठीवर खडूने आकडा घातला. प्रतिभाताई एकेक नंदी फरशीवरून ओढत, आणि योगेश जमिनीला फोन टेकवून आवाज घेई. एक नंबर किर्र-किर्र. दोन नंबर म्हाताऱ्यासारखा खोकत चाले. पाच नंबरला मधेच उचकी लागे. हे सगळे आवाज गटावर गेले, आणि त्या सकाळी पांढुर्ण्यात घराघरातून नुसती कुरकुर ऐकू येत होती. दुकानात, न्हाव्याच्या खुर्चीत, दूध घेता घेता लोक फोन कानाला लावून डोळे मिटून उभे. बंगळुरूच्या एका कचेरीत म्हणे साहेबाने बैठक थांबवून नऊ नंबर तीनदा ऐकला आणि आईला फोन केला. गंमत अशी, की एकाही आवाजावर दोन मालकांनी हक्क सांगितला नाही. ऐट सगळ्यांना आपलीशी वाटते, पण घरातली कुरकुर ज्याची त्याला बरोबर कळते.

दुपारपर्यंत सगळे नंदी मार्गी लागले. एक उरला, आणि तो बोलेना. प्रतिभाताईंनी हळू ओढला, योगेशने पळवला, गुरुजींनी मागेपुढे केला. चाकं लोण्यातून फिरल्यासारखी फिरत. इकडे मालकांतही एकच नाव उरलं होतं, देवकाबाई. तिच्याकडे तसला फोन नव्हता. शेजारणीने तिला सगळे आवाज ऐकवले होते आणि तिने एकेक ऐकून मान हलवली होती.

गुरुजींनी रामाकोन्याला फोन लावला. न बोलणारा नंदी कोणाकडे होता ते शोधता शोधता दिपाली फोनवर आली.

“तो रडत होता जी,” ती म्हणाली. “म्हनून मी त्याले खोबरेल तेल पाजलं. मंग उगा झाला.”

हिशेब सरळ होता. एक नंदी, एक मालकीण. पण देवकाबाईने ‘हाच’ म्हटलं होतं आणि गुरुजींनी ‘माझा शब्द’ म्हटलं होतं. हिशेबाने नंदी सिद्ध झाला असता, शब्द नाही. गुरुजींनी तो मुका नंदी मांडीवर घेतला, योगेशच्या मोटारसायकलवर मागे बसले, आणि दोघे सावरगावला निघाले.

देवकाबाईचा हरतालिकेचा निर्जळी उपास होता. त्यामुळे बोलणं आधीच मोजकं. तिने नंदी अंगणात ठेवला, दोरी धरून चार पावलं ओढला, आणि दोरी खाली टाकली.

“हा माहा नाई.”

गुरुजींनी दिपालीची, तेलाची, सगळी हकिकत सांगितली. तेलाचं ऐकताना देवकाबाईचा चेहरा जरा हलला, पण लगेच जागेवर आला.

“तेल घातलं त काढा.”

योगेशने चुलीवरचं गरम पाणी मागितलं. सोडा आणला, साबण आणला, राखेने आस घासला. शेजारपाजार जमला. नंदी ओढला तर चाकं अजून मुकीच.

“ओलं आहे,” देवकाबाई म्हणाली. “ओढा. सुकलं की बोलंल.”

योगेश दोरी घ्यायला पुढे झाला. देवकाबाईने त्याला हाताने थांबवलं.

“तू नाई बाबू. शब्द गुर्जीनं देल्ला. अन् गुर्जी, माह्या विन्याकडून तुमी उठाबशा काढून घेतल्या होत्या, पाढे नाई आले म्हनून. याद आहे मले. आता तुमी फेऱ्या मारा.”

गुरुजींनी टोपी नीट केली आणि दोरी हातात घेतली. सत्तरी ओलांडलेला माणूस, धोतराचा सोगा खोचून, अंगणात लाकडी नंदी ओढू लागला. तुळशीपासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून तुळशीपर्यंत. आधी बाया पदराआड हसल्या. मग गल्लीतली पोरं आली आणि गुरुजींच्या मागे चालू लागली. गुरुजी म्हणाले, बाजूला उभे राहा, पायात येऊ नका. पोरं आणखी जवळ आली. रांगेत तरी चला, म्हणाले. पोरांनी घोळका केला आणि हलगीची नक्कल करत नाचायला लागली. एकही पोर ऐकत नव्हतं, आणि कसं कोण जाणे, गुरुजींच्या अंगात त्यामुळे बळ आलं. त्यांनी पावलं झपझप टाकली. पोरांनी उडवलेली धूळ चाकांवर बसत होती, उन्हाने आस सुकत होता.

गोठ्याच्या वळणावर बारीकसा आवाज आला. कुं.

देवकाबाई ओट्यावरून उठली. पोरं आपोआप थांबली. गुरुजींनी श्वास धरून आणखी एक पाऊल टाकलं. कुंईं. आणखी एक. कुंईं-कुंईं-कर्र, कुंईं-कुंईं-कर्र, मांजरीच्या पिलाने तक्रार करावी आणि म्हाताऱ्याने त्याला गप्प बसवावं तसं. गोठ्यातल्या खऱ्या बैलानेही मान वळवून पाहिलं.

देवकाबाई आत गेली, ताटात कुंकू आणि दिवा घेऊन आली, वाकून नंदीच्या कपाळाला कुंकू लावलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग रीतच ती. नंदी ओढत दारात आलेल्याच्या हातावर बोजारा ठेवावा लागतो. तिने गुरुजींचा हात धरून उलटा केला आणि तळव्यावर गुळाचा खडा, खोबऱ्याचा तुकडा आणि एक नाणं ठेवलं.

“हाच हाय,” ती म्हणाली. आणि वर म्हणाली, “त्या पोरीले सांगजा. आमच्या घरी इतकी वर्सं रडला, कोनी पाजलं नाई त्याले तेल. पुढच्या साली तिलेच देजा. तेल मात्र जाताना काढून ठेवजा.”

गुरुजी ओट्यावर टेकले. गूळ तोंडात टाकला. पोरं नंदीभोवती कोंडाळं करून दोरीसाठी भांडत होती. तेवढ्यात गुरुजींचं लक्ष योगेशकडे गेलं. तो भिंतीला पाठ लावून, फोन समोर धरून मघापासून तसाच उभा होता.

“हे कुठे टाकू नकोस बाबा,” गुरुजी म्हणाले.

“टाकायचं काही राहिलंच नाही जी,” योगेश म्हणाला. “मी सुरुवातीपासून लाइव्ह दाखवून राहिलो.”

गुरुजींनी मान डोलावली. मग खोबऱ्याचा तुकडा चावत, अगदी सहज विचारल्यासारखं, त्यांनी विचारलं की अंगठे किती आले.